अमेरिकेतील हायस्कूलमधील 'अमेरिकेचा इतिहास' : अपेक्षा, नियम आणि त्यांमागील संघर्ष

प्रस्तावना

अमेरिकेतील सार्वजनिक शाळांचे वर्ष साधारणतः ऑगस्टचा मध्य ते सप्टेंबरचा पहिला आठवडा या काळात सुरू होते. पहिल्या एक-दोन दिवसांतच हायस्कूलमधील प्रत्येक विषयशिक्षक विद्यार्थ्यांच्या हाती दोन-तीन पानांचे एक पत्रक देतो. विषयाची रूपरेषा, पाठ्यपुस्तकाचे नाव, गुणदानाची टक्केवारी, उशिरा दिलेल्या गृहपाठाविषयीचे नियम, गैरहजेरीत बुडालेले काम पूर्ण करण्याची मुदत, नक्कल आढळल्यास होणारी कारवाई आणि वर्गातील वर्तनाच्या अपेक्षा त्यात नमूद केलेल्या असतात. शेवटी विद्यार्थी व पालक या दोघांच्या सह्यांसाठी जागा ठेवलेली असते. आपल्याकडे अभ्यासक्रम म्हटला की मंडळाने अथवा विद्यापीठाने वरून पाठविलेली पुस्तिका डोळ्यांसमोर येते. येथे मात्र शिक्षक, विद्यार्थी व पालक यांच्यातील तो जवळजवळ एक करारच असतो.

गणिताच्या किंवा रसायनशास्त्राच्या शिक्षकाने दिलेल्या अशा पत्रकावर क्वचितच कोणी दुसरी नजर टाकतो. 'अमेरिकेचा इतिहास' या विषयाचे तसे नाही. या विषयात सोळा-सतरा वर्षांच्या मुलाकडून नेमकी कोणती अपेक्षा करावी, या प्रश्नावर राज्यांच्या विधिमंडळांनी कायदे केले, न्यायालयांनी निकाल दिले, देशाच्या सिनेटने मतदान घेतले आणि काही शिक्षणाधिकाऱ्यांना आपली पदेही गमवावी लागली. प्रस्तुत लेखात या अपेक्षा व नियम कसे घडत गेले आणि वर्गात शिकविणाऱ्या शिक्षकाच्या वाट्याला त्यातून काय आले, याचा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. अमेरिकेच्या संविधानात शिक्षणाचा उल्लेख नाही. दहाव्या दुरुस्तीनुसार हा अधिकार राज्यांकडे राहतो आणि राज्ये त्याचा मोठा भाग स्थानिक शाळा-जिल्ह्यांकडे सोपवितात. संघीय शासनाने अभ्यासक्रम ठरवू नये, असे निर्बंध संघीय कायद्यांतच आहेत. त्यामुळे 'अमेरिकेतील इतिहासाचा अभ्यासक्रम' अशी एकच वस्तू अस्तित्वात नाही. कॅलिफोर्नियात हायस्कूल पूर्ण करण्यासाठी सामाजिक शास्त्रांचे तीन वर्षांचे शिक्षण आवश्यक असून त्यात अमेरिकेच्या इतिहासाचा व भूगोलाचा समावेश आहे. टेक्सासमध्ये हायस्कूलमधील हा विषय १८७७ पासून पुढच्या काळाचा असतो, आणि त्याची राज्यस्तरीय परीक्षाही विद्यार्थ्याला द्यावी लागते. एकाच इयत्तेतील मुले एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेली, तर यादवी युद्ध त्यांना दोनदा शिकावे लागेल किंवा एकदाही नाही.

समित्यांनी घडविलेला विषय

अकराव्या इयत्तेत अमेरिकेचा इतिहास शिकविण्याची प्रथा आज इतकी रुळली आहे की ती अनादि वाटावी. तिचे मूळ १८९२ मध्ये सापडते. त्या वर्षी राष्ट्रीय शिक्षण संघटनेने हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांच्या नेतृत्वाखाली दहा जणांची समिती नेमली. हायस्कूलमध्ये कोणते विषय किती शिकवावेत हे ठरविणे हे तिचे काम होते. तिने विषयवार नऊ परिषदा बोलाविल्या. त्यांपैकी इतिहास, नागरिकशास्त्र व अर्थशास्त्र यांची परिषद डिसेंबर १८९२ मध्ये विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे भरली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले वुड्रो विल्सन हे तिचे सदस्य होते. इतिहासकार जेम्स हार्वे रॉबिन्सन हेही होते.

या परिषदेने इतिहासाचा आठ वर्षांचा सलग क्रम सुचविला. त्यात अमेरिकेचा इतिहास एकदा सातवीत आणि दुसऱ्यांदा अकरावीत येत असे. त्याहून महत्त्वाची होती ती अपेक्षा. एकाच पाठ्यपुस्तकाचे पाठांतर करून ते म्हणून दाखविणे म्हणजे इतिहास नव्हे, विद्यार्थ्याने अनेक पुस्तके चाळावीत, टिपणे काढावीत, तुलना करावी, असा परिषदेचा आग्रह होता. दहांच्या समितीची भूमिकाही तितकीच ठाम होती. महाविद्यालयात जाणाऱ्या आणि न जाणाऱ्या विद्यार्थ्यांना एखादा विषय शिकवायचाच असेल, तर तो सारख्याच पद्धतीने शिकविला जावा. शेतकऱ्याच्या मुलालाही पुराव्याची पारख यावी, ही अपेक्षा त्या काळाच्या मानाने धाडसी होती. ती सर्वत्र पाळली गेली असे मात्र म्हणता येत नाही.

अमेरिकन हिस्टॉरिकल असोसिएशनने १८९६ मध्ये नेमलेल्या सातांच्या समितीने १८९९ च्या अहवालात हायस्कूलच्या चार वर्षांची चार भागांत वाटणी केली : प्राचीन, मध्ययुगीन व आधुनिक युरोप, इंग्लंड, आणि शेवटी अमेरिकेचा इतिहास नागरिकशास्त्रासह. अँड्र्यू मॅक्लॉफ्लिन हे तिचे अध्यक्ष होते. या सातांतील एच. मॉर्स स्टीफन्स हे नाव गोव्याच्या अभ्यासकांना परके नाही. 'रूलर्स ऑफ इंडिया' या मालेतील आल्बुकेर्कचे चरित्र त्यांचेच आहे. गोवा जिंकणाऱ्याचे चरित्रकार अमेरिकन मुलांचा अभ्यासक्रम ठरवीत होते!

यानंतर १९१६ चा अहवाल येतो आणि दिशा बदलते. राष्ट्रीय शिक्षण संघटनेच्या नव्या समितीने इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र व अर्थव्यवहार यांना 'सामाजिक अध्ययन' या एका छत्राखाली आणले. बारावीसाठी 'लोकशाहीच्या समस्या' हा नवा विषय सुचविला. भूतकाळातील कोणती घटना शिकवावी, तर विद्यार्थ्याच्या आजच्या जीवनाशी व गरजांशी जिचा संबंध असेल ती, हे नवे सूत्र होते. रॉबिन्सन याही समितीत होते आणि १९१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'द न्यू हिस्टरी' या ग्रंथाचा ठसा या अहवालावर दिसतो. येथे मराठी वाचकाला एक दुवा लक्षात येईल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि जॉन ड्यूई यांच्याबरोबरच रॉबिन्सन यांचेही नाव ते आपल्या थोर प्राध्यापकांमध्ये घेत असत. इतिहास हा राजांच्या नामावळीत अडकू नये, वर्तमानातील प्रश्न समजण्याचे ते साधन व्हावे, हा विचार ज्या वातावरणात वाढत होता, त्याच वातावरणात आंबेडकरांचे अमेरिकेतील शिक्षण झाले. रॉबिन्सन यांच्यामुळे आंबेडकरांचा इतिहासविचार घडला, असे विधान करणे घाईचे ठरेल. परंतु दोहोंची काळ-स्थळाची जवळीक दुर्लक्षिण्यासारखी नाही.

पाठ्यपुस्तके आणि 'शुद्ध इतिहास'

समित्यांच्या अहवालांत विद्यार्थ्याच्या बुद्धीचा विचार होता. समाजातील संघटनांना मात्र त्याच्या निष्ठेची चिंता होती. दक्षिणेतील 'युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी' या संघटनेच्या मिल्ड्रेड रदरफोर्ड यांनी पहिल्या महायुद्धानंतर शाळा व ग्रंथालयांतील पुस्तकांसाठी एक 'मोजपट्टी' प्रसिद्ध केली. दक्षिणेने गुलामगिरी टिकविण्यासाठी युद्ध केले असे सांगणारे पुस्तक नाकारावे, ही त्यातील एक कसोटी होती. दक्षिणेच्या सैनिकाला देशद्रोही म्हणणारे पुस्तकही बाद ठरे. या मोजपट्टीचा परिणाम पुढील कित्येक दशके दक्षिणेतील वर्गांत जाणवत राहिला. डब्ल्यू. ई. बी. ड्यूबॉइस यांनी १९३५ मध्ये 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' या ग्रंथाच्या अखेरच्या प्रकरणात त्या वेळची शालेय पुस्तके तपासून, मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांविषयी अमेरिकन मुलांना काय शिकविले जाते याचा जो पंचनामा केला, तो आजही वाचावा असा आहे.

उत्तरेतही परिस्थिती फार वेगळी नव्हती. विस्कॉन्सिनने १९२३ मध्ये केलेल्या कायद्याने स्वातंत्र्ययुद्धाविषयीची तथ्ये विपरीत करणाऱ्या किंवा राष्ट्रसंस्थापकांची बदनामी करणाऱ्या पाठ्यपुस्तकांना शाळांत बंदी घातली. ऑरेगनमध्येही त्याच वर्षी तशाच स्वरूपाचा कायदा झाला. शिकागोत १९२७ मध्ये विल्यम हेल थॉम्पसन यांनी महापौरपदाची निवडणूक लढविताना इंग्लंडच्या राजाच्या नाकावर ठोसा मारण्याची भाषा केली. शाळांतील इतिहासाची पुस्तके ब्रिटिशधार्जिणी आहेत, असा त्यांचा आरोप होता. निवडून आल्यावर शाळा-अधीक्षक विल्यम मॅकअँड्र्यू यांच्यावर रीतसर सुनावणी चालवून त्यांना बडतर्फ करण्यात आले. प्रसंग हास्यास्पद वाटतो खरा, पण नोकरी खरोखरच गेली.

कनिष्ठ हायस्कूलसाठी हॅरोल्ड रग यांनी लिहिलेल्या सामाजिक अध्ययनाच्या पुस्तकांची कथा याहून बोलकी आहे. समाजातील विषमतेवर मुलांनी प्रश्न विचारावेत, ही त्या पुस्तकांची अपेक्षा. १९३८ मध्ये त्यांच्या सुमारे २,८९,००० प्रती विकल्या गेल्या. अमेरिकन लीजन व उद्योजकांच्या संघटनांनी मोहीम उघडल्यानंतर १९४४ पर्यंत हा आकडा २१,००० च्या आसपास आला. कोठेही राष्ट्रव्यापी बंदी नव्हती. शाळा-जिल्ह्यांनी पुस्तक घेणे थांबविले, एवढेच.

मिसिसिपीमधील प्रकरण आणखी अर्थपूर्ण वाटते, कारण तेथे आशय आणि वर्गातील शिस्त यांचा संबंध उघड झाला. जेम्स लोवेन व चार्ल्स सॅलिस यांच्या संपादनाखाली १९७४ मध्ये तयार झालेले 'मिसिसिपी : कॉन्फ्लिक्ट अँड चेंज' हे नववीसाठीचे पुस्तक राज्याच्या पाठ्यपुस्तक मंडळाने नाकारले. पुस्तकात एका कृष्णवर्णीयाला जमावाने ठार मारल्याचे छायाचित्र होते. खटल्यात मंडळाच्या एका सदस्याने असे सांगितले, की असे चित्र समोर असताना शिक्षिकेला वर्ग ताब्यात ठेवणे कठीण जाईल. १९८० मध्ये संघीय न्यायाधीशांनी लेखकांच्या बाजूने निकाल दिला. वर्गाची शांतता हा नियमांचा हेतू मानला, की वर्गात काय सांगायचे नाही हेही त्याच नियमाखाली ठरू लागते, हे या साक्षीवरून दिसून येते.

विद्यार्थ्यांना काय येत नाही

अपेक्षांची दुसरी बाजू म्हणजे अपेक्षाभंग. टेक्सासमधील सुमारे पंधराशे विद्यार्थ्यांच्या एका चाचणीचा अहवाल १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. हायस्कूलच्या मुलांना सरासरी एक तृतीयांश प्रश्नांचीच उत्तरे देता आली होती. थॉमस जेफरसन आणि दक्षिणेच्या बंडखोर राज्यांचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस यांची अनेकांनी गल्लत केली होती. न्यूयॉर्क टाइम्सने १९४३ मध्ये ३६ महाविद्यालयांतील सुमारे ७,००० नवागत विद्यार्थ्यांची परीक्षा घेतली, तेव्हा मूळच्या तेरा वसाहतींची नावे सांगू शकणारे केवळ ६ टक्के निघाले. देश महायुद्धात गुंतलेला असताना आलेल्या या बातमीने मोठी खळबळ उडाली. बारावीच्या विद्यार्थ्यांची राष्ट्रीय मूल्यमापन चाचणी १९९४ मध्ये झाली तेव्हा 'प्रवीण' पातळी गाठणारे ११ टक्के होते. २०१० मध्ये १२ टक्के. त्यानंतर २०१४, २०१८ व २०२२ मध्ये ही चाचणी आठवीपुरतीच घेण्यात आली आणि २०२२ मध्ये आठवीतील हे प्रमाण १३ टक्के आढळले.

या आकड्यांकडे पाहून 'आजच्या पिढीला इतिहास येत नाही' अशी ओरड प्रत्येक पिढीत झाली. सॅम वाइनबर्ग यांनी मात्र उलट प्रश्न विचारला. शंभर वर्षांत शाळांची पटसंख्या, शिक्षकांचे प्रशिक्षण, पुस्तके सर्व काही बदलले असताना अज्ञानाचे प्रमाण तेवढेच राहत असेल, तर चाचणी नेमके काय मोजते आहे? त्यांच्या प्रश्नात तथ्य आहे असे प्रस्तुत लेखकास वाटते. १८९२ च्या परिषदेने जे टाळायला सांगितले होते तेच, म्हणजे सुटी नावे व सनावळ्या, या चाचण्या विचारीत राहिल्या.

१९९४ ची राष्ट्रीय मानके

'अ नेशन अ‍ॅट रिस्क' या १९८३ च्या अहवालानंतर राष्ट्रीय पातळीवर अपेक्षा निश्चित करण्याची मागणी वाढली. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील केंद्राने गॅरी नॅश यांच्या सहनेतृत्वाखाली इतिहासाची ऐच्छिक मानके तयार केली. या कामाला निधी देणाऱ्यांत 'नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज' ही संस्था होती आणि त्या वेळी तिच्या प्रमुखपदी लिन चेनी होत्या. ऑक्टोबर १९९४ मध्ये मानके प्रसिद्ध होण्याच्या आधीच वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये लेख लिहून त्यांच्यावर पहिला हल्ला चढविला तो याच चेनी यांनी. त्यांचा युक्तिवाद मोजणीचा होता : हॅरिएट टबमन यांचे नाव सहा वेळा येते, पण पॉल रिव्हिअर, एडिसन व राइट बंधू यांचे एकदाही येत नाही. यातील बहुतेक उल्लेख मानकांत नसून शिक्षकांसाठी दिलेल्या नमुना-उपक्रमांत होते, हे उत्तर कोणी फारसे ऐकून घेतले नाही. जानेवारी १९९५ मध्ये सिनेटने ९९ विरुद्ध १ अशा मतांनी या मानकांचा निषेध केला. विरोधी पडलेले एकमेव मतही मानकांच्या बाजूचे नव्हते. त्या सदस्याला ठराव अधिक कडक हवा होता. १९९६ च्या सुधारित आवृत्तीतून नमुना-उपक्रम वगळण्यात आले.

यानंतर संघीय धोरणाने इतिहासाकडे जवळजवळ पाठच फिरविली. २००२ मध्ये स्वाक्षरी झालेल्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याने वाचन व गणिताच्या वार्षिक चाचण्या सक्तीच्या केल्या. इतिहासाची चाचणी नसल्याने अनेक प्राथमिक शाळांत त्याच्या तासिका घटल्या, आणि हायस्कूलच्या शिक्षकाला पाया नसलेल्या विद्यार्थ्यांपासून सुरुवात करावी लागली.

गुण, मुदती व पुरावे

आता पुन्हा शिक्षकाच्या पत्रकाकडे वळू. त्यातील वर्षभराच्या विषयाला मिळणारे एक 'क्रेडिट' हे विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झालेल्या कार्नेगी एककाचे अपत्य आहे. साधारण १२० तासांची वर्गातील उपस्थिती म्हणजे एक एकक. ज्ञानाचे माप तासांत केल्यामुळेच गैरहजेरीच्या नियमांना या पत्रकांत एवढी जागा मिळते. वर्गातील चर्चेत भाग घेतल्याबद्दलचे गुण हा भारतातून गेलेल्या अनेक पालकांना सुरुवातीला कोड्यात टाकणारा रकाना. आपल्या शाळांत वर्गात बोलल्याबद्दल बाकावर उभे राहावे लागे. तेथे न बोलल्याबद्दल गुण जातात.

पुराव्याच्या पारखीची जुनी अपेक्षा सर्वांत स्पष्टपणे टिकली ती 'अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' या महाविद्यालयीन पातळीच्या पर्यायात. त्याच्या पहिल्या परीक्षा १९५६ मध्ये झाल्या. १९७३ मध्ये अमेरिकेच्या इतिहासाच्या परीक्षेत दस्तऐवजाधारित प्रश्न आला. सध्या त्यात सात साधने दिली जातात : पत्र, भाषण, व्यंगचित्र, नकाशा इत्यादी. विद्यार्थ्याने ती वाचून, कोणी कोणासाठी व का लिहिले याचा विचार करून, स्वतःचे प्रतिपादन मांडायचे असते. या प्रश्नाला एकूण गुणांपैकी २५ टक्के वजन आहे. दरवर्षी साडेचार लाखांवर विद्यार्थी ही परीक्षा देतात आणि २०२५ पासून ती संगणकावर होते. येथेही शिक्षक पूर्ण मोकळा नाही. २००७ पासून त्याला आपले पत्रक कॉलेज बोर्डाकडून मंजूर करून घ्यावे लागते.

नक्कल-प्रतिबंधाच्या कलमात २०२२ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली. घरी लिहावयाच्या निबंधाचे गुण कमी करून तो वर्गातच, हाताने लिहवून घेण्याकडे काही शिक्षक वळले आहेत. पालकांच्या संमतीचे कलमही नीट पाहण्यासारखे आहे. कृष्णवर्णीय सैनिकांच्या ५४ व्या मॅसॅच्युसेट्स रेजिमेंटवरील 'ग्लोरी' किंवा नॉर्मंडीच्या लढाईवरील 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' हे चित्रपट प्रौढांसाठीच्या श्रेणीत मोडत असल्याने ते दाखविण्यापूर्वी शिक्षक सहसा सही मागवितो. सही न आल्यास त्या मुलाला ग्रंथालयात बसवून वेगळे काम द्यावे लागते.

वादग्रस्त विषय आणि शिक्षकाचे तोंड

विद्यार्थ्यांच्या अभिव्यक्तीला न्यायालयांनी बऱ्यापैकी संरक्षण दिले आहे. ध्वजवंदनाची सक्ती करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने बार्नेट प्रकरणात १९४३ मध्ये ठरविले. व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडावर काळी फीत लावणाऱ्या मुलांच्या बाजूने १९६९ मध्ये टिंकर प्रकरणात निकाल दिला. शिक्षकाची स्थिती याच्या उलट आहे. सातव्या विभागीय अपील न्यायालयाने २००७ मध्ये मेयर प्रकरणात, वर्गात शिकविताना केलेले वक्तव्य हे शिक्षक ज्या सेवेचा पगार घेतो तिचाच भाग आहे, अशी भूमिका घेतली. ज्या न्यायनिर्णयांचे धडे तो मुलांना देतो, त्यांचे कवच त्या धड्याच्या वेळी त्याला स्वतःला मिळेल याची खात्री नाही.

२०१४ मध्ये कॉलेज बोर्डाचा नवा आराखडा लागू झाला, तेव्हा कोलोरॅडोतील जेफरसन काउंटीच्या शाळा-मंडळातील एका सदस्येने प्रस्ताव मांडला, की अभ्याससाहित्याने देशभक्ती वाढवावी आणि कायदा-सुव्यवस्था मोडण्यास उत्तेजन देऊ नये. शेकडो विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर उतरले. नोव्हेंबर २०१५ मध्ये मतदारांनी मंडळातील तीन सदस्यांना परत बोलाविले. त्याच वर्षी कॉलेज बोर्डानेही टीकेची दखल घेऊन आराखडा सुधारला.

२०२१ पासून मात्र अनेक राज्यांनी थेट कायदेच केले. टेक्सासच्या त्या वर्षीच्या कायद्याने चालू घडामोडींवर चर्चा करणाऱ्या शिक्षकाला कोणत्याही एका बाजूला झुकते माप देण्यास मनाई केली. विद्यार्थ्याने लोकप्रतिनिधींकडे एखाद्या कायद्यासाठी पाठपुरावा केल्यास त्याचे गुण देण्यासही मनाई केली. गुणदानाच्या रकान्यात काय भरायचे नाही, हे विधिमंडळाने ठरविल्याचे असे दुसरे ठळक उदाहरण सापडणे कठीण. फ्लोरिडाच्या २०२३ च्या मानकांत, गुलामांनी आत्मसात केलेली कौशल्ये काही प्रसंगी त्यांच्या स्वतःच्या फायद्याची ठरली, अशा अर्थाचे स्पष्टीकरण आल्याने देशभर वाद झाला. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी २०२० मध्ये स्थापन केलेला '१७७६ आयोग' जानेवारी २०२१ मध्ये बायडन यांनी विसर्जित केला आणि जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांनी तो पुन्हा उभा केला.

दुसऱ्या बाजूनेही कायदे होत आहेत. इलिनॉय राज्याने २०२१ मध्ये शाळांत आशियाई अमेरिकनांचा इतिहास शिकविणे सक्तीचे केले आणि पाठोपाठ न्यू जर्सीने तसाच कायदा केला. न्यू जर्सीत मराठी कुटुंबांची वस्ती लक्षणीय आहे. 'युनायटेड स्टेट्स विरुद्ध भगतसिंग थिंड' या १९२३ च्या खटल्यात, भारतीय व्यक्ती कायद्याच्या अर्थाने 'श्वेत' नसल्याने नागरिकत्वास अपात्र आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले होते. हा निकाल शिकविण्याची संधी आता तेथील शिक्षकाला उपलब्ध आहे. त्यासाठी वेगळे तास मात्र मिळालेले नाहीत. शाळेचे वर्ष बहुतेक राज्यांत १८० दिवसांच्या आसपासच आहे, आणि मे महिन्यातील परीक्षेपूर्वी वसाहतकाळापासून आजपर्यंत पोहोचायचे असते. थिंड यांच्यासाठी एक तासिका काढायची, तर १९२० च्या दशकातील दुसरे काय वगळायचे, हे ऑगस्टमध्ये पत्रक लिहिताना ज्याचे त्याने ठरवायचे आहे.